थंडीत लहान मुलांसोबत घरी काय काय बनवता येईल: डिसेंबरपासून रथसप्तमीपर्यंत

थंडीतलं क्राफ्ट म्हणून शोधायला गेलं की बहुतेक सगळीकडे कापसाचा स्नोमॅन, कापसाचा बर्फ आणि लाल टोपीवाला सांता एवढंच दिसतं. करायला हरकत काहीच नाही, पोरांना कापूस चिकटवायला आवडतोच. पण पुण्या-नाशकातल्या चार वर्षांच्या मुलीला बर्फ म्हणजे फ्रीजरमधला एवढंच माहीत असतं आणि दाराबाहेर मात्र पिंपळाची पानं, संत्र्याची सालं, सुगडं, हलवा, पतंगाचा कागद असं सगळं सामान या दोन-अडीच महिन्यांत फुकट नाहीतर थोडक्या पैशांत मिळत असतं. मग तेच का नाही वापरायचं?

खाली जे दिलंय ते ज्यांनी मुलांना घेऊन कधीच काही बनवलेलं नाही अशा आईबाबांसाठी, आजीआजोबांसाठी आहे. वय साधारण तीन ते सहा. क्रम महिन्याप्रमाणे लावलाय कारण काही गोष्टींना तीन-चार आठवडे लागतात, त्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी सुरू करून भागत नाही.

आधी एक गोष्ट ठरवा: पोराचं काम कोणतं?

नवीन लोकांचं बहुतेक वेळा असं होतं की आई व्हिडिओ बघून वस्तू ठरवते, मग सामान आणते, मग पोराला बसवते आणि मग दहाव्या मिनिटाला आईच सगळं करत असते आणि पोरगं फेविकॉलचं झाकण चघळत असतं. कारण त्या वस्तूत पोराला जमेल असं काम मुळात नव्हतंच. त्यामुळे उलटं करा. आधी बघा की आपल्या मुलाच्या हाताला काय येतं, आणि मग त्याच कामावर उभी असलेली वस्तू निवडा.

साधारण तीन वर्षांचं मूल कागद फाडतं, चुरगळतं, चिकटवतं, ठसे मारतं, माती-पाणी-बिया यांच्यात रमतं. चारच्या आसपास कानातल्या बडने ठिपके देणं, मोठ्या मण्यात दोरा ओवणं, बोथट कात्रीने सरळ रेषेत कापणं जमायला लागतं. पाच-सहाला गोल कापणं, लोकर गुंडाळणं, साधी गाठ मारणं. हे काही कोरलेलं नाहीये, तुमचं मूल पुढेमागे असेल, पण अंदाज येतो.

आणि कापणं, भोकं पाडणं, उकळणं, सुरी, काडेपेटी हे सगळं तुम्ही आदल्या रात्री उरकून ठेवायचं. मूल समोर बसल्यावर तुम्ही पुठ्ठा कापत बसलात तर खेळ संपला. तीन वर्षांचं पोर दहा-पंधरा मिनिटं बसलं तरी खूप झालं, उठून गेलं तर जाऊ दे, संध्याकाळी परत येतं. आणि वाकडं चिकटवलेलं सरळ करू नका!! हे सगळ्यात अवघड आहे, हात शिवशिवतात, पण मुलं लगेच ओळखतात की आपलं कुणीतरी सुधारलंय आणि मग पुढच्या वेळी "तूच कर" म्हणून मोकळी होतात.

डिंकाचं काय

घरची खळ करून घ्या, लहान मुलांसाठी तीच बरी, तोंडात गेली तरी भीती नाही. दोन मोठे चमचे मैदा, एक कप पाणी. आधी मैदा अर्ध्या गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या, मग उरलेलं पाणी घालून मंद गॅसवर सतत ढवळायचं, तीन-चार मिनिटांत पांढरा रंग जाऊन चकचकीत घट्ट व्हायला लागली की बंद. गार झाल्यावर आणखी घट्ट होते. झाकण लावून फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकते, आंबट वास आला की टाकून द्या. जुने बाइंडिंगवाले खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, आजोबा कदाचित तसं सुचवतील, तर मुलांच्या खळीत मोरचूद अजिबात नाही, ते विषारी असतं. पतंगाला तर खळही नको, जेवणातला मऊ भात दोन बोटांत चोळून लावला की झालं.

हवेप्रमाणे फरक पडतो हे लक्षात ठेवा. नागपूर, जळगाव, पुण्याकडे थंडीत हवा कोरडी असते, चिकटवलेलं तासा-दोन तासांत खडखडीत वाळतं. मुंबई, रत्नागिरी, गोव्यात जानेवारीतही हवेत दमटपणा असतो, तिथे पंख्याखाली रात्रभर ठेवा. आणि गॅलरीत ऊन कुठे येतं ते बघून ठेवा. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो म्हणून दक्षिणेच्या गॅलरीत आतपर्यंत ऊन येतं, उन्हाळ्यात तेच डोक्यावरून निघून जातं. सकाळी त्याच उन्हात चटई टाकून बसलं की पोरंही कुडकुडत नाहीत आणि वस्तूही वाळतात.

थर्माकोल आणू नका. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि ते सोडलं तरी त्याचे दाणे घरभर उडतात नि पोरांच्या नाकातोंडात जातात. ग्लू गनही नको.

डिसेंबरचा पहिला आठवडा: पिंपळाचं पान भिजत घाला

जाळीदार पिंपळपान सगळ्यांनी कधी ना कधी वहीत ठेवलेलं असतं. त्याला वेळ लागतो म्हणून सुरुवात याच्यापासून.

मुलांना घेऊन पिंपळाखाली जा आणि चांगली तयार झालेली, जाड, न फाटलेली दहा-बारा पानं आणा. कोवळी लालसर नकोत, ती भिजल्यावर लगदा होतात. थोडी जास्तच आणा कारण निम्मी फाटणार आहेत. एका जुन्या डब्यात किंवा बादलीत पाणी घालून पानं बुडवायची, वर एखादी बशी वजन म्हणून ठेवायची म्हणजे तरंगत नाहीत, आणि झाकण मस्ट, नाहीतर डास अंडी घालतात. चार-पाच दिवसांनी पाणी बदलायचं. वास येणार, चांगलाच येणार, गॅलरीत ठेवा आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

आत काय चाललंय ते मुलांना सांगता येतं. पाण्यातले जिवाणू पानाचा मऊ हिरवा भाग खातात, कुजवतात, पण शिरा चिवट लाकडासारख्या असतात त्या त्यांना लवकर पचत नाहीत, म्हणून शेवटी नुसती जाळी उरते. चार वर्षांच्या मुलाला "छोटे छोटे किडे पान जेवतायत आणि हाडं ठेवतायत" एवढं पुरतं, रोज झाकण उघडून बघायला धावतात.

तीन-चार आठवड्यांनी एक पान काढून बोटाने चोळून बघा. साल सुटायला लागली असेल तर तयार, नसेल तर आणखी आठवडाभर राहू दे. मग पान एका ताटात पसरायचं, वर थोडं पाणी, आणि मुलाच्या हातात जुना मऊ टूथब्रश. घासायचं नाही, हळूहळू टॅप टॅप करायचं, देठाकडून टोकाकडे. हिरवा-तपकिरी चिखल निघून जातो आणि खाली जाळी दिसते, आणि तो क्षण पोरांना जादूचाच वाटतो. दोन-तीन पानं फाटतील, फाटू द्या. मग स्वच्छ पाण्यातून काढून पेपरच्या घडीत, वर जाड पुस्तक, दोन दिवस. वाळलं की त्यावर पोस्टर कलरचे ठिपके, नाहीतर नुसतं काळ्या कागदावर चिकटवून भेटकार्ड.

काही जण धुण्याचा सोडा घालून पानं उकळतात आणि एका दिवसात जाळी काढतात. होतं तसं, पण ते पाणी हाताला आणि डोळ्यांना वाईट, लहान मुलं आसपास असताना नकोच.

करवंटीतला केसाळ माणूस

तीन वर्षांच्या मुलाला घेऊन पहिल्यांदाच काही करणार असाल तर हे करा, बिघडायची सोयच नाही.

नारळाची करवंटी नाहीतर अंड्याचं वरून फोडलेलं कवच घ्यायचं. बाहेरून डोळे-नाक-तोंड काढायचं, मूल काढेल तसं, तीन डोळे आले तर तीन. आत माती किंवा ओला कापूस. वर अळीव नाहीतर मोहरी दाट पेरायची, चिमटीने पेरणं हे पोरांचं काम. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण जे अळीव नाहीतर मोहरी टाकतो तेच हे, फक्त डोक्यावर. रोज चमच्याने पाणी. अळीव दोन-तीन दिवसांत अंकुरतं, मोहरी थोडी उशिरा, आणि कडक थंडी असेल तर दोन्हीला एखादा दिवस जास्त लागतो, रात्री घरात घ्या. आठवड्याभरात हिरवे केस येतात, मग कात्रीने "कटिंग". कात्री धरायचा सराव यापेक्षा चांगला कशात होणार? कापलेले अळीवाचे केस कोशिंबिरीत टाकले तरी चालतात, पण त्यासाठी बी किराण्यातलं खायचं असू दे, नर्सरीतल्या बियांना कधी औषध लावलेलं असतं.

गोव्यात नाताळच्या गोठ्यासाठी, म्हणजे येशूच्या जन्माच्या देखाव्यासाठी, लोक असंच धान्य पेरून हिरवळ उगवतात. घरी गोठा करत असाल तर १५ डिसेंबरच्या सुमारास ताटलीत नाचणी किंवा गहू पेरून ठेवा, २४ ला छान बोटभर गवत मिळेल.

नाताळचा तारा, सोपावाला

गोव्यात आणि वसईत डिसेंबर लागला की घराघरावर तारे लागतात, बांबूच्या काड्या आणि पतंगाचा कागद, आत दिवा. तो पाच टोकांचा खरा तारा मोठ्यांचं काम आहे, काड्या दोरीने बांधायला ताकद लागते. मुलांसाठी असं करा: आइस्क्रीमच्या सहा काड्या घ्या, तीन-तीनचे दोन त्रिकोण चिकटवून आदल्या रात्री वाळवून ठेवा. सकाळी एक त्रिकोण सरळ, एक उलटा, एकावर एक ठेवून मुलाने चिकटवायचा, झाला सहा टोकांचा तारा. मग त्यावर लोकर गुंडाळायची, कशीही, रंग बदलत बदलत, पाच वर्षांची मुलं यात अर्धा तास गुंततात. लहानग्याला मागून पतंगाच्या कागदाचे फाडलेले तुकडे चिकटवू दे. खिडकीत टांगला की उन्हात कागद मस्त चमकतो. आत दिवा वगैरे लावायच्या भानगडीत पडू नका, कागद आणि लोकर आहे.

संत्र्याची सालं

संत्री येतातच घरात, सालं फेकायच्या आधी थांबा. सालाचे मोठे मोठे सपाट तुकडे काढा आणि बिस्किटाच्या साच्याने नाहीतर बाटलीच्या झाकणाने मुलांना दाबून आकार काढू द्या, ताज्या सालावर सहज होतं. वरच्या बाजूला भोक तुम्ही टूथपिकने पाडा, ओलं असतानाच, वाळल्यावर तुटतं. मग पेपरमध्ये घालून वर वही-पुस्तकं ठेवून दोन दिवस, नाहीतर उन्हात वळून वाकडं होतं. नंतर ऊन द्या. कडक झाले की दोऱ्यात ओवायचे, मध्ये दालचिनीचा तुकडा, परत साल. खिडकीला बांधलेली ही माळ दोनेक आठवडे वास देते. मुंबईच्या दमट हवेत बुरशी धरते, तिथे आधी मंद आचेवर तव्यात थोडं कोरडं करून घ्या.

अख्ख्या संत्र्यात लवंगा टोचणं हाही एक उद्योग, टूथपिकने भोक तुम्ही करा आणि लवंग मुलाने खोचायची. नक्षी, चेहरा, नावाचं पहिलं अक्षर, काहीही. तीनचार दिवस फ्रूट बाउलमध्ये मिरवतं, मग टाकून द्या.

आणि अर्ध्या सालाची वाटी न फाटता निघाली तर तिच्यात गोडेतेल आणि मध्ये एक फुलवात. सालाचा केशरी उजेड पडतो. ताटात ठेवा, लावणार तुम्ही, विझवणार तुम्ही, मुलं हातभर लांब बसून बघणार.

जानेवारी: हलव्याचे दागिने

आता मुख्य गोष्ट. घरात बाळाचं बोरन्हाण असेल किंवा नव्या सुनेची पहिली संक्रांत असेल तर दागिने विकत आणतातच, पण त्यातला एखादा तरी घरच्या मोठ्या भावंडाने केलेला असू द्या की. संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते आणि बोरन्हाण त्या दिवसापासून रथसप्तमीपर्यंत कधीही करतात, त्यामुळे घाई नसते.

खरे दागिने दोऱ्याच्या फासात हलव्याचा एकेक दाणा धरून गाठ आवळत करतात. ज्या घरात अशा आजी आहेत त्यांना शेजारी बसवा, ते बघण्यासारखं असतं, पण सहा वर्षांखालच्या मुलाला ते जमणार नाही आणि जबरदस्ती केली तर दोरा, हलवा आणि मूड तिन्ही जातं. मुलांचा मार्ग पुठ्ठ्याचा.

हलवा घरी करायच्या फंदात पडू नका. मंद शेगडीवर परातीत थेंब थेंब पाक टाकत तासन्‌तास हलवायचं काम आहे, तेव्हा कुठे काटा येतो. दुकानातून पांढरा, मोठ्या दाण्याचा आणा. बारीक तिळाचा हलवा लहान बोटांना धरवत नाही. रंगीत थोडाच घ्या, त्याचा रंग ओल्या हाताला लागतो.

सामान: पांढरा हलवा पाव किलो, बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा, काळा कागद नाहीतर काळ्या कापडाचा तुकडा, दुहेरी चिकटपट्टी, सोनेरी लेस, रिबन.

१. आदल्या रात्री पुठ्ठ्याचे आकार कापा. मुकुटासाठी लांब पट्टी, वरून तीन टोकं. बाजूबंदासाठी फूल किंवा पान. हारासाठी रुपयापेक्षा थोड्या मोठ्या पाच-सात चकत्या. मुलगा असेल तर बासरी म्हणून कागदाची घट्ट सुरळी, मुलीसाठी बिंदीचा थेंब.

२. सगळ्यांवर काळा कागद चिकटवून दोन्ही टोकांना भोकं पाडून ठेवा. काळ्यावरच हलवा उठून दिसतो.

३. वर दुहेरी चिकटपट्टी लावा आणि वरचा कागद काढायचं काम मुलाला द्या, ते त्यांना सगळ्यात आवडतं. खळ वापरणार असाल तर घट्ट आणि पातळ थराची, कारण खळीत पाणी जास्त असलं की हलवा साखरेचाच आहे, तो पाझरतो आणि काटा मरून जातो. म्हणून माझं मत चिकटपट्टीच.

४. मूल एकेक दाणा उचलून लावतं. कडेने आधी, मग आत. मध्ये एखादा रंगीत दाणा नाहीतर टिकली. हात कोरडे हवेत, शेजारी फडकं ठेवा. या वेळात निम्मा हलवा तोंडात जाणार हे धरून चाला, म्हणून एका वाटीत खायचा वेगळा द्या आणि सांगा, "लावायचा हा, खायचा तो."

५. कडेला सोनेरी लेस, भोकांतून रिबन. बांधायची बाजू रिबनचीच ठेवा, दोऱ्याने मानेला काचतं.

रात्री ताट मुंग्यांपासून वाचवायचं तर जुनी पद्धत उत्तम, परातीत पाणी, मध्ये उलटी वाटी, त्यावर ताट. फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर ओल धरते.

एक गंभीर सूचना. बोरन्हाणाचं बाळ बहुतेक वेळा वर्षा-दोन वर्षांचं असतं आणि अंगावरचं सगळं ओढून तोंडात घालतं. हलवा कडक असतो, घशात अडकू शकतो. बोरं, हरभरे, शेंगदाणे, चुरमुरे, उसाचे तुकडे डोक्यावरून टाकल्यावरही तेच. मुकुट चालेल, पण हार-बाजूबंद फोटोपुरते आणि कुणीतरी मोठं बाळाला धरून बसलेलंच हवं. चिकटपट्टी नाहीतर फेविकॉल लागलेला हलवा नंतर कुणी खाऊ नये, मोठ्या मुलांनाही सांगून ठेवा.

सुगडं रंगवा

संक्रांतीला सुगडं पुजली, हळदीकुंकू झालं, मग ती ओट्याखाली पडून राहतात. आतलं गाजर-बोरं-घाटे काढून सुगडं धुवून दिवसभर उन्हात वाळवा. मातीचं भांडं रंग पिऊन टाकतं, पहिला हात दिसतच नाही, त्यामुळे आधी गेरूत थोडा फेविकॉल मिसळून एक हात तुम्ही द्या. वाळल्यावर पांढरा रंग आणि कानातला बड. ठिपके, ठिपक्यांच्या ओळी, उभ्या रेघा. मोठ्या मुलाला वारलीतली दोन त्रिकोणांची माणसं जमतात, वर एक उलटा त्रिकोण, खाली एक सरळ, दोघांची टोकं मध्ये जुळलेली, डोकं गोल, हातपाय काड्या. तीनच्या मुलाला नुसतं बोट बुडवून ठसे. यात पेन्सिली ठेवा, मनीप्लांट लावा, नाहीतर पुढच्या आठवड्यात कुणाकडे हळदीकुंकवाला जाताना पोराच्या हातून वाण म्हणून द्या, काकू-मावश्या खूश होतात. डबे-चमचे-गाळण्यांपेक्षा तरी बरंच.

पतंग, पण आपल्या हाताचा

दुकानातला पतंग उडतो छान पण लहान पोराच्या हातात पाच मिनिटांत फाटतो आणि रडारड. घरी केलेला कमी उडेल, पण फाटला तर लगेच दुसरा करता येतो.

पतंगाच्या कागदाचा ३० सेंटिमीटरचा चौकोन कापा. काड्यांसाठी खराट्यातले दोन हीर, बारीक, सरळ, न तडकलेले. खराटा नारळाचा हवा, केरसुणी नाही. चौकोन टोकावर उभा धरायचा. एक हीर वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सरळ, हा कणा. दुसरा पन्नासेक सेंटिमीटरचा, तो वाकवून कमान करायची, तिची टोकं डाव्या-उजव्या कोपऱ्यांवर आणि मधला फुगवटा वरच्या बाजूला. हीर वाकत नसेल तर तासभर पाण्यात भिजवा. कागदाच्या छोट्या पट्ट्यांना भात चोळून त्या पट्ट्यांनी काड्या चिकटवायच्या, पट्ट्या लावणं पोरांचं काम, कमान धरून ठेवणं तुमचं.

मग शेपटी. मोठी मुलं शेपटीला हसतात, पण नवशिक्याच्या पतंगाला ती हवीच, नाहीतर गिरक्या घेत खाली येतो. पतंगाच्या तीन-चार पट लांब, जुन्या साडीच्या काठाची किंवा कागदाच्या पट्ट्यांची. पट्ट्या कापणं, रंगवणं, गाठवणं सगळं मुलांकडे द्या.

कन्नी, म्हणजे उडवायचा दोरा ज्याला बांधतात तो जोडदोरा, तुम्ही बांधा. कणा आणि कमान जिथे एकमेकांना छेदतात तिथे एक दोरा, खाली शेपटीच्या थोडं वर कण्याला दुसरा, दोन्ही समोर आणून गाठ. वरचा दोरा खालच्यापेक्षा बोटभर आखूड, म्हणजे पतंगाचं डोकं वाऱ्याकडे झुकतं. वर जाताच सारखा गोल फिरत असेल तर शेपटी वाढवा, वर उठतच नसेल तर गाठ थोडी वर सरकवून बघा.

दोरा साधा सुती, शिवणाचा जाड चालेल. काचेचा मांजा मुलांच्या हातात नाही, आणि नायलॉनचा तर कुणाच्याच हातात नाही, राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली आहे, तरी दरवर्षी दुचाकीवाल्यांचे गळे आणि पक्ष्यांचे पंख कापल्याच्या बातम्या येतातच. गच्चीवर कठडा कमी उंचीचा असेल तर गच्ची नको, मैदान. भल्या सकाळी आणि सूर्य मावळताना पक्षी जा-ये करतात, ती वेळ टाळा. परतताना तुटलेला दोरा गोळा करून आणायचा, हेही पोरांनाच सांगा, ती फार मन लावून करतात.

गावाकडे जाणार असाल तर

हुरड्याला कुणाच्या शेतावर जाणं झालं तर येताना ज्वारीची चार-पाच वाळलेली धाटं मागून आणा. धाटाची वरची साल सोलली की लांब चिवट पट्ट्या निघतात आणि आत पांढरा हलका गर. गराचे तुकडे करायचे, पट्ट्या त्यात खुपसायच्या, आणि बैलगाडी, चष्मा, खुर्ची काहीही होतं. चष्मा सगळ्यात सोपा: मध्ये गराचा एक तुकडा, दोन पट्ट्या गोल वाकवून टोकं त्यात खुपसली की दोन काचा, बाजूला दोन गराचे तुकडे आणि त्यांना कानाच्या दोन पट्ट्या. डिंक लागत नाही, दोरा लागत नाही. फक्त सोललेल्या पट्टीची कड ब्लेडसारखी असते, बोट कापतं, म्हणून सोलायचं काम मोठ्यांचं आणि पट्टीच्या कडा सुरीच्या पाठीने घासून मगच मुलांकडे. गावातल्या आजोबांना विचारलंत तर ते तुमच्यापेक्षा भारी गाडी करून देतील, लेख वाचायची गरजच नाही.

ठेवायचं कसं आणि टाकायचं कधी

हलव्याचे दागिने घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, खाली कोरडा पेपर, एप्रिल-मे पर्यंत चांगले राहतात. पाऊस लागला की हवेतली ओल पिऊन हलवा पाझरतो, काळ्या कागदावर चिकट डाग आणि मुंग्यांची रांग, त्यामुळे जूनच्या आधी फोटो काढून निरोप द्या. हलवा काढून टाकला तर खालचे पुठ्ठ्याचे आकार आणि लेस पुढच्या वर्षी परत चालतात. पिंपळाची पानं वहीत वर्षानुवर्षं टिकतात. संत्र्याची माळ काळी पडली की कुंडीत. करवंटीतला माणूस टकला झाला की माती मोकळी करून परत अळीव पेरा, तो उद्योग वर्षभर चालतो, फक्त उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी लागतं.